नोंदीतला साडू

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही काम दोनदा केलेलं नाही. एकदा केलं की जपून ठेवायचं आणि पुन्हा वेळ आली की नाव-तारीख बदलून तेच काढायचं, हा त्यांचा धर्म. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी आपणहून कामांची यादी पाठवली. यादी झकास होती, फक्त ती त्यांच्या पुतण्याच्या लग्नातली होती आणि बदलताना एक ओळ तशीच राहून गेली होती. त्यामुळे नवरदेवाचे बूट सांभाळायची जबाबदारी आमच्या सासूबाईंवर आली, आणि थोरल्या जावयाने सांगितलंय म्हणून त्या माझ्याच चपला पिशवीत घालून बारसं संपेपर्यंत बसून राहिल्या.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे, तिथेच साडू कॉम्प्युटर विभागात होते. घराणं जुन्या चिंचवड गावठाणातलं, शेतकऱ्याचं. जमीन गेली, पण बियाणं राखून ठेवायची खोड यांच्यात उतरली. लेबल छापणं, स्टॉक जुळवणं, रुसलेल्या प्रिंटरची समजूत काढणं, प्रत्येक कामासाठी कॉम्प्युटरला हुकूम देणारी छोटीशी स्क्रिप्ट, कोरा नमुना, टिपण, सगळं त्यांनी वीस वर्षं एका फोल्डरात साठवलं. त्या फोल्डरचं नाव 'शिदोरी'. नवे इंजिनियर शिदोरी उघडायचे आणि खो खो हसायचे, कारण प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर साडूंनी घरच्या बोलीत नोंद लिहिलेली असायची. 'ही चालू असताना चहाला उठू नको.' 'ही तीनदा फसली. चवथ्यांदा का चालली ते मला बी ठावं न्हाई. हात लावू नको.' स्वतःचं नाव मात्र त्यांनी कुठेच घातलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "बियाण्यावर कुनी नाव लिहितं का, राव?"

माझी मात्र त्यांनी चांगली सोय करून ठेवली होती. आमच्या कारखान्याचा दिवस सकाळी सातला सुरू होतो, त्यामुळे रात्रपाळीत बारानंतर तयार झालेल्या मालावरही आदल्या दिवसाचीच तारीख लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रात्री बारानंतर घड्याळ बघून लेबलांवर नवी तारीख टाकली. कागदपत्रांवर एक तारीख, खोक्यांवर दुसरी! भरलेला ट्रक गिऱ्हाइकाच्या गेटावरून परत आला. साडूंनी निमूट नवी लेबलं छापून दिली आणि लेबलांच्या स्क्रिप्टवर लिहिलं, 'आपला दिवस सातला उजाडतो. आमच्या साडूंनी घड्याळ बघितलं आन् ट्रक माघारी आला. मानूस चांगला हाय, पन घड्याळावर इस्वास ठेवतो.' ही ओळ पुसा म्हणून मी किती विनवण्या केल्या! कँटीनमध्ये पोरं मला किती वाजले म्हणून मुद्दाम विचारायची.

साडूंच्या निवृत्तीच्या महिन्यातच हिंजवडीहून नवे साहेब आले. नवी सिस्टीम बसणार, जुना कचरा महिनाअखेर पुसून टाका, असं त्यांनी फर्मावलं. वीस वर्षांची शिदोरी कचऱ्यात निघाली म्हटल्यावर माझाच जीव तुटला. मी साडूंना म्हटलं, "पेन ड्राइव्हवर घरी तरी न्या." त्यांनी मान हलवली. "कंपनीचं हाय ते. मी निस्तं मांडून ठेवलं. कुनाच्या उपेगी पडलं तर ऱ्हाईल, न्हाई तर जाईल." म्हणाले खरे, पण शेवटच्या दिवशी निरोपाचा नारळ हातात धरून ते त्या बंद स्क्रीनसमोर बराच वेळ उभे राहिले.

पुसायचं काम लातूरकडच्या एका नव्या मुलीकडे आलं. नव्या सिस्टीमची लेबलंही तीच बसवत होती. पुसण्याआधी एकदा बघावं म्हणून तिने शिदोरी उघडली आणि दुपारचं जेवण विसरून वाचतच बसली. मग धावत डिस्पॅचला आली. "वाचलो बघा सर! नवी सिस्टीम तारीख घड्याळाचीच घेते. उद्या समदे ट्रक माघारी आले असते." साहेबांनी स्वतः ती नोंद दोनदा वाचली, आधी हसले, मग पुसायचा हुकूम मागे घेतला. शिदोरी राहिली. आता तर कॉम्प्युटर विभागात रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात ती वाचायला देतात.

मी लगेच साडूंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या पोरीला म्हनावं, तिचं बी काय चुकलं असंल तर खाली दोन वळी लिहून ठेव." तिने लिहिल्या आहेत, लातूरच्या बोलीत.

डिस्पॅचमधून परत जाताना तिने मला चाचरत विचारलं होतं, "सर, त्या नोंदीतले साडू म्हणजे तुम्हीच का?" इतकी वर्षं ज्या ओळीवरून तोंड लपवत फिरलो, तिच्यासाठी त्या दिवशी माझी छाती फुगली. हो म्हटलं, मीच. दर वर्षी नवी पोरं येतात, हसतात आणि हेच विचारतात. त्या अख्ख्या शिदोरीत ती बांधून ठेवणाऱ्याचं नाव कुठेच नाही, आहे तो फक्त मी, माझ्या फजितीसकट. म्हणून मी त्यांना बसवून घेतो, आणि माझी चूक सांगण्याआधी मी कुणाचा साडू आहे ते सांगतो.