पडद्यामागचा टप

टेपकाकांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस हमखास फसतो. सोफ्यामागे छतापासून जमिनीपर्यंत निळा, जाड, छान चुण्यांचा पडदा आहे. पाहुणा म्हणतो, "जरा उजेड येऊ द्या की!" आणि पडदा ओढतो. मागे खिडकी कुठली? मागे जीपच्या छपराचा पांढरा फायबरचा टप भिंतीला टेकून उभा, अख्खाच्या अख्खा, मागच्या काचेसकट. पाहुणा दचकतो आणि काका खूश होतात.

काकांचा धंदा पडदे बसवायचा. कमरेला कायम टेप, म्हणून टेपकाका. उभी हयात लोकांच्या खिडक्या मोजण्यात गेली, पण "माप चुकलं" असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. पडदा आखूड पडला तर गिऱ्हाइकाची भिंत वाकडी, नाहीतर कापड आटलेलं. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा भिंतच वाकडी असायची. माणूस कामाला पक्का, तोऱ्यालाही पक्का.

आता पडदेवाल्याच्या घरात टप कशाला? तर काकूंसाठी. काकूंना गाडी लागते. बस असो की मोटार, दारं बंद झाली की त्यांच्या पोटात ढवळायला सुरुवात. लग्नानंतर कितीतरी वर्षं बिचारीनं पायी जाता येईल तेवढंच जग पाहिलं. सख्ख्या बहिणीचं बाळ पाहिलं तेही ते चालायला लागल्यावर, आणि तेसुद्धा बहीण इकडे आली म्हणून. काकांच्या मनाला ते फार लागलं. एक दिवस जुनी जीप घेऊन आले, चार माणसं लावून टप उतरवला आणि म्हणाले, "बस." त्या दिवशी काकू थेट बहिणीच्या दारात जाऊन उतरल्या. हसत उतरल्या!

काकूंचा प्रश्न सुटला, टपाचा सुरू झाला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं एवढं धूड ठेवायचं कुठं? पार्किंगमध्ये ठेवला, तर सेक्रेटरी म्हणाले, ही दुसरी गाडी धरू. गच्चीवर ठेवला, तर वाऱ्यानं सरकत सरकत टाकीला जाऊन भिडला, वर कबुतरांनी आत संसार थाटला. पलंगाखाली तो जाईना. शेवटी घराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, टप तिरका केला आणि जिन्याचा उद्धार करत घरात आणला. काकूंनी कपाळाला हात लावला. "लोक घरावर छप्पर घालतात, तुम्ही घरात घातलंत!" काकांनी दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पडदा लावला. जीपला जाड कापडाचं, गुंडाळता येणारं छत शिवलं, बाजू मोकळ्या ठेवून. मग टपाची गरजच उरली नाही. काकू मात्र रोज तो पुसायच्या आणि रोज म्हणायच्या, "कधी जाणार हे धूड घरातून, कोण जाणे!"

यंदा काका शिडीवरून पडले. डावा खांदा निसटला. परगावी नोकरीला असलेल्या मुलानं फोनवर हट्टच धरला. "बाबा, त्या जीपचा गिअर टाकायला पैलवान लागतो. विकून टाका. मी तुम्हाला चांगली बंद गाडी घेऊन देतो, गिअर नसलेली."

"आणि तुझी आई?"

"गोळी घेईल. लोक घेतात."

गोळी काकूंनी घेऊन पाहिली होती. उलटी टळली नाही, वर दोन दिवस झोपून काढले. जीप गेली की ही पुन्हा गॅलरीत बसून रस्ता बघणार, हे काकांना दिसत होतं. ती एकदा 'नको' म्हणू दे, मग बघतो कोण विकतंय ते! त्यांनी आशेनं काकूंकडे पाहिलं. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विका की. माझी भिंत तरी मोकळी होईल."

झालं! त्यानंतर काकांना जेवण गोड लागेना.

गिऱ्हाईक आलं ते रोपवाटिकेचे मालक. रोपांना वारा लागू नये म्हणून त्यांना टपासकट जीप हवी होती. टप नसेल तर जीपही नको. सोबत धट्टीकट्टी माणसं आणली होती. पडदा सरकला, दार उतरलं, टप उचलला आणि दारात येऊन अडकला. तिरका केला, अडकला. उलटा केला, तरी अडकला. खालच्या मजल्यावर चोरी झाल्यावर काकांनी गेल्या वर्षी जाळीचं दार बसवलं होतं, त्याची लोखंडी चौकट आत आली होती. दोन बोटं कमी पडत होती, फक्त दोन बोटं.

"काका, चौकटीचं माप कुणी घेतलं होतं?" मालकांनी विचारलं. काकांना कानफटात बसल्यासारखं झालं.

"असू द्या," मालक म्हणाले, "गवंडी आणतो, चौकट फोडू. खर्च माझा."

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या आणि पाणी कुणाला देतच नव्हत्या. आणि काकांना एकदम आठवलं. चौकट मोजली त्या दिवशी त्यांचा चष्मा फुटला होता. टेपचं दुसरं टोक काकूंनी धरलं होतं, आकडे त्यांनीच वाचले होते. "कधी लागलाच तर टप निघेल ना गं यातून?" काकांनी विचारलं होतं. "न निघायला काय झालं!" असं उत्तर आलं होतं. रोज तो टप पुसणाऱ्या बाईकडून!

"चौकट फोडायची नाही," काका म्हणाले. "जीप विकायची नाही. माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला."

मंडळी कुरकुरत गेली. टप पुन्हा भिंतीला लागला. काकांनी पडदा सारखा केला आणि हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग विका कशाला म्हणालीस?"

"म्हणायला माझं काय जातंय? टप थोडाच जाणार होता कुठे, आणि टपाशिवाय जीप घेतंय कोण!" काकू हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "अहो, तो बाहेर पडला असता तर मी घरात अडकले असते. म्हटलं, राहू दे त्यालाच."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, गेली का जीप?"

"नाही रे. टप दारातून निघेना."

"निघेना? चौकट तर तुम्हीच मोजून बसवली होती ना?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता.

"माप चुकलं," काका म्हणाले. "माझंच चुकलं रे."

त्यांनी फोन ठेवला तेव्हा काकू डोक्याला रुमाल बांधून, चपला घालून, किल्ली हातात घेऊन तयार होत्या. "चला. क्लच तुम्ही दाबा, गिअर मी टाकते."