सामान्य गणिताचा फॉर्म

नववीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी वर्गात तेरा नावं वाचली. अकरा मुली, दोन मुलगे. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म दिला. तेव्हा नेहमीच्या गणिताऐवजी 'सामान्य गणित' घेता यायचं. बीजगणित नाही, भूमिती नाही, सोपी उदाहरणं सोडवा आणि सुटा. "घरून सही आणा," सर म्हणाले. "शाळेचा निकालही चांगला लागेल आणि तुमच्याही डोक्याचा ताप जाईल."

मी नाचतच घरी आले. आठवीत मला गणितात चाळीसपैकी नऊ मिळाले होते. फळ्यावर क्ष दिसला की मी वही मिटून ठेवायचे.

आमचं गाव रहिमतपूरजवळ. वडील फौजेत, त्या वर्षी आसामात होते, म्हणजे सही आईची. आई चौथी शिकलेली. उसाला पाणी पाजून आली, हात पुसले आणि फॉर्म अक्षर अक्षर लावत वाचायला बसली. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, हा विषय घेतला तर पुढे विज्ञान शाखेला प्रवेश मिळणार नाही.

"ह्ये ठावं हाय का तुला?"

"मला कुठं जायाचंय सायन्सला?"

"तुला जायाचं न्हाई त्ये येगळं. तुला जाऊ देनार न्हाईत त्ये येगळं."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली. पायांवर चिखल तसाच वाळलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कोरा फॉर्म सरांपुढं ठेवला.

"आवं सर, तुमच्या पोरीला दिलाय का ह्यो कागुद?"

सरांची मुलगी आमच्याच वर्गात होती आणि गणितात माझ्याइतकीच ढ होती. सर कसंनुसं हसले. "ताई, नापास झाली तर वर्ष जाईल. उद्या लग्नाची होईल पोर."

"नापास झाली तर परत बसंल. पर बसायाचंच न्हाई, ह्ये तुमी कोन ठरिवनार?"

आणि ती निघून गेली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

सर खोटं बोलत नव्हते. दहावीला मी गणितात नापास झाले आणि वर्ष गेलं. भावकीतल्या बायका आईला टोचून बोलल्या. आई मला एवढंच म्हणाली, "बस परत." दुसऱ्या खेपेला अडतीस मिळाले. त्या अडतीसचा मला आजही अभिमान आहे. अडतीसच होते, पण माझे होते.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या घरी सही झाली. दहावीला तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त टक्के पडले. तिला शेतीच्या कॉलेजला जायचं होतं. मातीचं ढेकूळ हातात घेऊन कुठल्या शेताचं ते सांगणारी मुलगी ती. पण त्याला बारावी सायन्स लागायचं. अकरावीच्या प्रवेशाला गेली आणि खिडकीवरूनच परत आली. आज फलटणकडं तिची उसाच्या रोपांची नर्सरी आहे, छान चाललीय. पण मागं एकदा म्हणाली, "मला गनित जमलं न्हाई आसं न्हवं गं. मला कुनी बसूच दिलं न्हाई."

म्हणून गेल्या महिन्यात एका सभेत मी बोलायला उभी राहिले. आता मी सांगलीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. पुतणी नववीला आहे, जाऊबाईंना जमेना म्हणून तिच्या पालकसभेला मी गेले होते. पाहुणे म्हणून आलेले गृहस्थ म्हणाले, आठवीपासून गणित ऐच्छिक करा, मुलांचे अश्रू थांबतील. टाळ्या पडल्या.

"ऐच्छिक म्हणजे कोणाच्या इच्छेनं?" मी विचारलं.

"अर्थात मुलांच्या. ज्यांना झेपत नाही त्यांच्या."

"झेपत नाही हे आठवीत कोण ठरवणार? तुम्ही? मग तुमच्या मुलांना ट्युशन लागेल आणि आमच्या मुलींना फॉर्म मिळेल. तुमचे प्रश्न सोपे करा, शिकवणं सुधारा, पास व्हायला दहा वेळा बसू द्या. पण दहावीपर्यंत सगळ्यांना एकाच वर्गात बसवा."

टाळ्या नाही पडल्या. बाहेर एका आईनं मला अडवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी मुलगी गणिताच्या दिवशी जेवत नाही हो. तिचं काय करू?" मी म्हटलं, "गणिताच्या बाईंना भेटू. मी येते तुमच्याबरोबर." आणि आम्ही त्या सोमवारी गेलोही.

स्कूटरवर मागं बसलेली पुतणी फुरंगटली होती. "काकू, मला विचारलंस का तू? मला नकोच आहे गणित."

"मलाही नको होतं. अकरावी सायन्सला जीवशास्त्र ठेवलं आणि गणित पहिल्याच दिवशी सोडलं मी."

"मग?"

"मग काय, दहावी झाली की तूही सोड. तेव्हा तुला कोणी अडवलं तर तिथंही येऊन भांडेन."

घर येताच ती स्कूटरवरून उडी मारून माझ्याआधी आत गेली.