तयार पिठाला मोहन

आमच्या आष्टीत दिवाळीची बिस्किटं कुणी विकत आणत नसे आणि घरीही करत नसे. मैदा, पिठीसाखर, डालडा असं सगळं सामान घरून न्यायचं, रिकामा पत्र्याचा डबा न्यायचा, आणि बेकरीसमोरच्या रांगेत बसून राहायचं. बेकरीवाला आपल्या सामानाची बिस्किटं भट्टीत भाजून आपल्याच डब्यात भरून द्यायचा. रांगेत बसलेल्या बायका एकमेकींच्या डब्यात डोकावून कुणी किती डालडा आणला ते बघायच्या. गावातल्या निम्म्या बातम्या तिथंच भाजून निघत.

मी जालन्याला कॉलेजात होते, तेव्हाची गोष्ट. त्या साली आमची बिस्किटं कडक निघाली. साधी कडक नव्हे, वडिलांनी एक चहात बुडवून ठेवलं आणि चहा संपला तरी ते बिस्किट जसंच्या तसं. आई एक बिस्किट पदरात बांधून बेकरीवर गेली, मी मागोमाग. रांग अजून होतीच. आईनं ते बिस्किट फळीवर टाकलं. टण्णकन वाजलं.

"भाई, हे काय दिलं मला?"

बेकरीवाला गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं बिस्किट उलटून पालटून पाहिलं आणि सरळ सांगितलं, "भाभी, भट्टी बराबर होती. तुमचा डालडाच कमी पडला."

आता हे त्यानं एकटीला सांगितलं असतं तर चाललं असतं. पण रांगेत आमच्या गल्लीतल्या चार बायका बसलेल्या होत्या आणि चारहींनी एकदम माना वळवल्या. आईच्या करंज्यांचं आणि शंकरपाळ्यांचं गल्लीत नाव होतं. लग्नाघरी पीठ भिजवायची वेळ आली की आईला बोलावणं यायचं, कारण पिठात कडकडीत तूप किती घालायचं, म्हणजे मोहन किती, हे तिच्या हाताला कळतं असं सगळे म्हणत. त्या बाईला भर रांगेत मोहन कमी पडलं म्हणून ऐकावं लागलं.

"माझं मोहन कमी?" आई म्हणाली. "आता तुमच्या पायरीवर पाय ठेवणार न्हाई. बिस्किटं मी घरीच करीन. भाऊबीजेला आमच्या आक्का यायच्या हायेत, त्यांना घरचीच देईन."

बोलून मोकळी झाली आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसली. आक्का म्हणजे माझी आत्या, राजूरची. दर भाऊबीजेला यायची आणि जाताना बिस्किटांचा डबा घेऊन जायची. आत्या मनानं चांगली, पण तिच्या तोंडून कधी कौतुक निघालं नाही. आईच्या लग्नापासून ती एकच शब्द बोलत आलेली होती, कमी. भाजीत मीठ कमी, पुरणात गूळ कमी, चहात दूध कमी. नवी साडी दाखवली तर काठ कमी. आता बिस्किटं बिघडली तर ती काय म्हणणार हे आम्हाला पाठ होतं, आणि ते ऐकायला गल्लीतल्या चारही जणी हजर राहणार हेही. आईचं त्या रात्री जेवणात लक्ष नव्हतं.

मला मात्र आनंद झाला होता, कारण उपाय माझ्या बॅगेत होता. जालन्यात एका दुकानाच्या काचेच्या कपाटात बिस्किटांच्या तयार पिठाची पाकिटं आलेली होती आणि मी हौसेनं दोन घेऊन ठेवली होती. वर सोनेरी बिस्किटांचं चित्र, मागं इंग्रजीत कृती. मी सकाळी आईला वाचून दाखवलं.

"यात नुसतं दूध घालायचं. साखर, तूप, सोडा, सगळं आधीच घातलेलं हाय."

"कोणी घातलं?"

"कंपनीनं."

"कंपनीच्या हाताला मोहन कळतं व्हय?"

आईनं पाकीट परातीत रिकामं केलं, बोटांनी पीठ चाळवलं, वास घेतला. मग मूठभर पीठ दाबून पाहिलं. मोहन बरोबर असेल तर मुठीत पिठाचा मुटका वळतो, ही तिची परीक्षा. मुटका वळला. छान वळला.

"बघ," मी म्हटलं.

"हा मुटका काही खरा न्हाई," आई म्हणाली. "जा, दूध घेऊन ये."

मी दूध आणायला गेले आणि तिथंच फसले. परत येते तो अंगणातूनच आवाज ऐकू आला, चर्रर्र. दिवाळीच्या दिवसांत आमच्या घरात तो आवाज रोज यायचा, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. कढल्यातलं तूप पिठावर पडत होतं. मी धावत आत गेले. आई उलथण्यानं पीठ सारखं करत शांत बसलेली.

"आई, त्यात होतं की तूप!"

"एवढंसंच घातलं. कमी पडलं म्हणायला नगं कोणी."

एवढंसं म्हणजे किती, ते कढल्याच्या आकारावरून मला दिसत होतं. पण बोलून उपयोग नव्हता, पीठ परातीत चकाकत होतं. दूध तर जेमतेम चमचाभरच लागलं. आईनं गोल गोल टिकल्या केल्या, प्रत्येकीवर अंगठा दाबला, तूप लावलेल्या ताटात मांडल्या. चुलीवर मोठ्या पातेल्यात दुधना नदीची वाळू तापत ठेवलेली होती. तिच्यावर तिवई ठेवली, तिवईवर ताट, वरून झाकण. वडील ओसरीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. जाळ वाढव, जाळ कमी कर, झाकण उघडू नको, उघडून बघ.

वास सुटला तो असा की गल्लीतली कुत्री दारात येऊन बसली. पाठोपाठ बायका. "झाली का बिस्किटं?" एकीनं दारातूनच विचारलं.

"उद्या या, आक्का आल्या की," आई म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

झाकण उघडलं तर ताटात बिस्किटं नव्हती. बिस्किट होतं, एकच. सगळ्या टिकल्या वितळून, पसरून, एकमेकींना मिठी मारून ताटभर झाल्या होत्या आणि कडेला तूप बुडबुडत होतं. वडील उठून आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एकच झालं, पर मोठं झालं."

मला हसू आवरेना. पण आईकडं पाहिलं आणि हसू जागच्या जागी थांबलं. तिचे डोळे भरले होते. आई अशा गोष्टीवर रडणारी बाई नव्हती, म्हणून मला फार वाईट वाटलं, आणि त्या बेकरीवाल्याचा, आत्याचा, कंपनीचा, सगळ्यांचाच राग आला. दुसरं पाकीट होतं, ते फोडू म्हटलं. आईनं मान हलवली. मग तिनं डोळे पुसले, फळीवरून शंकरपाळ्या कापायचं कातणं काढलं आणि गरम गरम असतानाच त्या ताटावर आडव्या-तिरप्या रेघा मारल्या. बघता बघता ताटभर पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची बिस्किटं झाली. कडेचे तुकडे आम्ही तिघांनी खाल्ले. तोंडात घातलं की ते विरघळून जायचं आणि बोलायच्या आत हात पुन्हा ताटाकडं जायचा.

"आक्कांना आवडंल का?" आईनं विचारलं.

"घोडामैदान जवळच हाय," वडील म्हणाले आणि आणखी एक तुकडा घेतला.

भाऊबीजेला आत्या आली. ओवाळणं झालं, चहा झाला, आणि आईनं बशी पुढं केली. गल्लीतल्या चौघीही कुंकवाचं निमित्त काढून आलेल्या. आत्यानं एक बिस्किट उचललं. ते हातातच मोडलं, अर्धं पदरावर सांडलं. उरलेलं तिनं तोंडात टाकलं. मग पदरावरचा चुरा वेचून तोही तोंडात टाकला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी मनात शब्द मोजत होते, कमी, कमी, आता कमी म्हणणार.

"वहिनी," आत्या म्हणाली, "मोहन जास्त झालं."

आईचा चेहरा बदलत गेला तो मी डोळ्यांनी पाहिला.

"काय म्हणल्या, आक्का?"

"मोहन जास्त झालं म्हणलं. तोंडात ठरंना की."

"ह्यांना ऐकू आलं न्हाई," आई त्या चौघींकडं बोट दाखवून म्हणाली. "जरा मोठ्यानं सांगा."

आत्याला काही उमगेना, पण ती भोळेपणानं मोठ्यानं म्हणाली, "जास्त झालं! बिलकुल जास्त झालं!" आणि दुसरं बिस्किट उचललं. वडिलांना ठसका लागला. आई इतकी खुश झाली की तिनं त्या चौघींनाही दोन-दोन दिली, आणि त्यांनीही मान डोलावत जास्त झाल्याची ग्वाही दिली. आत्यानं डबा भरून मागितला. दुसरं पाकीट तेव्हाच फोडावं लागलं, आणि त्यालाही तेवढंच मोहन पडलं.

संध्याकाळी आई लहान डबा घेऊन निघाली. बेकरीसमोर रांग उरली नव्हती. आई शब्दाची पक्की, पायरी चढली नाही. रस्त्यावरच उभी राहिली आणि डबा माझ्या हातात देऊन मला आत पाठवायला लागली. पण बेकरीवाल्यानं तिला पाहिलं होतं. पिठाचे हात झटकत तो स्वतःच पायरी उतरून आला. त्यानं एक बिस्किट तोंडात घातलं आणि डोळे मिटले. मग बोटांना लागलेलं तूप पाहिलं.

"भाभी, मोहन तर बहुत जास्ती हो गया."

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काय. पुढच्या सालाला डबा आणा, तुमच्या अंदाजानं भाजतो."

तो हसला, आईही हसली. तो खाली उतरला होता, तेव्हा आता आईला वर चढायला हरकत नव्हती. ती पायरी चढून आत गेली, उरलेली बिस्किटं त्याच्या पोरांसाठी ताटलीत ओतली आणि रिकामा डबा घेऊन आली.

घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती थांबली.

"त्या कंपनीनं बी मोहन घातलं असंल थोडं," ती म्हणाली. "उगं तिला नावं कशाला ठेवा."