टोपीखालचं गेलं

फडतरे सर डोक्यावरची टोपी दोनदाच काढायचे, आंघोळीला आणि आमची पोस्टरं तपासायला. आंघोळीचं ऐकीव आहे, पोस्टरांचं मी डोळ्यांनी पाहिलंय. पॅन्ट-शर्टवर पांढरी कडक टोपी घालणारे आमच्या शाळेत ते एकटेच. वडूजच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं गाव आणि गावाच्या तोंडाशीच शाळा. सर तिथं मराठी शिकवायचे. चित्रकलेला शिक्षक मिळेना, म्हणून तो तासही त्यांच्याच गळ्यात पडला होता. सरांना स्वतःला चित्र अजिबात काढता यायचं नाही, हे मी पूर्ण आदरानं सांगते. एकदा त्यांनी फळ्यावर काढलेल्या बैलाला आम्ही एकमतानं कुत्रं ठरवलं, तेव्हा "आसंल बाबा," म्हणून त्यांनी त्याची शेपटी वाकडी करून दिली.

पण दोन्ही तास एकाच माणसाकडं आल्यामुळं सरांनी एक शक्कल लढवली. मराठीच्या तासाला गोष्ट वाचायची आणि चित्रकलेच्या तासाला त्या गोष्टीचं पोस्टर करायचं. "गोष्टीत काय झालं ते मला सांगू नगा. ते पुस्तकात छापलंय, सरकारनं खर्च केलाय," ते म्हणायचे. "गोष्ट कशाबद्दल हाय, त्येवढं दावा." आम्ही अर्थातच सगळं दाखवायचो. झाडं, डोंगर, नदी, सूर्य, शिवाय कागद रिकामा दिसू नये म्हणून चार पाखरं.

मग सर टोपी काढायचे आणि चित्रातल्या एका गोष्टीवर ठेवायचे. "आता कळतंय का?" सगळा वर्ग ओरडायचा, "कळतंय!" "मग टोपीखालचं गेलं!" टोपी पुढं सरकायची. डोंगर जायचा, नदी जायची, पाखरं तर पहिल्या फटक्यात जायची. जे झाकल्यावर वर्ग गप्प व्हायचा, तेवढंच राहायचं. आणि ज्या चित्रातलं काहीच झाकता येत नसे, त्याच्यापुढं सर टोपी उचलून परत डोक्यावर घालायचे. शाबासकी नाही, शेरा नाही, टोपी डोक्यावर गेली की पोस्टर पास. तीन वर्षांत माझ्या एकाही चित्रापुढं ती डोक्यावर गेली नाही. वर्गात चांगली चित्रं माझी, आणि टोपी दुसऱ्यांच्या चित्रांसमोर वर जायची. मला त्याचा फार राग यायचा.

त्याउपर एक बाहेरची परीक्षक होती, बायडाक्का. ती रोज चारच्या सुमाराला शाळेवरून मेंढरं घेऊन जायची. तिला अक्षरओळख नव्हती आणि सरांच्या दृष्टीनं हीच तिची सगळ्यात मोठी पदवी. रस्त्याकडच्या भिंतीवर आमची पोस्टरं चिकटवून सर तिला थांबवायचे. "आक्का, ह्ये कशाबद्दल हाय?" ती काठीवर दोन्ही हात टेकून, मान वाकडी करून बघायची. तोवर मेंढरं रस्ताभर पसरायची, एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचा, आणि सर त्यालाच दटावायचे, "थांबा वो जरा, परीक्षा चाललीया!"

आठवीत आम्हाला एका जवानाची गोष्ट होती. तो दोन वर्षांनी रजेवर घरी येतो आणि त्याची लहान लेक त्याला ओळखत नाही, एवढीच गोष्ट. मी जीव ओतून पोस्टर केलं. मधोमध गॉगल लावलेला जवान, मागं रणगाडा, हिमालय आणि झेंडा. खाली गोल गोल चौकटींत आई, बायको, लेक, शेजारी आणि ज्या एसटीनं तो आला तिचा कंडक्टर. सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत 'समस्त ग्रामस्थ'. चौकातल्या फ्लेक्सवर जे बघत मोठे झालो, तेच हातातून उतरलं होतं. सरांनी टोपी उचलून झेंड्याकडं नेली. वर्ग ओरडला, "सर, झेंडा!" सर ताठ उभे राहिले, सलाम ठोकला आणि टोपी रणगाड्यावर ठेवली. "झेंड्याला हात लावायचा न्हाई," ते म्हणाले, "पन वैशे, त्याला हितं बोलावलंय कुनी?"

चारला बायडाक्का आली. माझ्या पोस्टरपुढं थांबली. आक्कानं एकेक गोल चौकट नीट न्याहाळली आणि उजळलेल्या चेहऱ्यानं विचारलं, "कुनाचा वाढदिवस हाय गं? जेवान हाय का?"

पुढं दोन वर्षं शाळेत मला कुणी नावानं हाक मारली नाही. मधल्या सुट्टीत, संडासाच्या रांगेत, सगळीकडं "जेवान हाय का?" आणि त्याच गोष्टीसाठी माझ्या शेजारच्या सुरेखानं, जिला माणसाचं तोंड काढताच येत नव्हतं, कागदावर फक्त उंबऱ्यापाशी ठेवलेले फौजी बूट रेखाटले होते आणि दाराच्या फटीत एक डोळा. आक्का त्यापुढं बराच वेळ उभी राहिली. "आलाय घरी," ती म्हणाली, "पन पोरगी वळखंना त्याला. आमच्या दादाचं आसंच झालतं." सरांनी टोपी डोक्यावर घातली. त्या दिवशी पहिल्यांदा मला सर काय म्हणतायत ते कळलं.

कळून वळलं मात्र नाही. आज सांगलीत, विश्रामबागेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गोल चौकटी हाच माझा धंदा. तीन वर्षांच्या बाळाच्या वाढदिवसाला पन्नास मोठ्या माणसांची तोंडं बसवून देते मी, आणि बाळाला कोपऱ्यात जागा मिळाली तर मिळाली. एकदा सर मिरजेला डोळे तपासायला आले होते, ते वाट वाकडी करून दुकानात आले. टेबलावर एक नमुना पसरलेला, समोर गिऱ्हाईक उभं. सरांचा हात आपसूक टोपीकडं गेला. मी "सर, नको!" म्हणेपर्यंत टोपी पहिल्या तोंडावर बसली होती. "आता कळतंय का?" त्यांनी थेट गिऱ्हाइकालाच विचारलं. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "कळतंय की." "मग टोपीखालचं गेलं!" असं करत करत सरांनी त्याचे दोन चुलते, एक मेहुणा आणि शेवटी खुद्द त्यालाच घालवला. गिऱ्हाईक पेटलं. त्याला शांत करता करता मी सरांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत टोपी त्यांच्या हातातच होती, हे मला दिसत होतं.

गेल्या वर्षी सर निवृत्त होणार म्हणून समारंभ समितीचे अध्यक्ष आनंदराव यांचा फोन आला. "वैशाली, फ्लेक्स तूच करायचा. सरांना गॉगल लाव. खाली आमचे फोटो. आमी लय न्हाई, बत्तीसच हाय." मी म्हटलं, फोटो पाठवा, बाकी माझ्यावर सोडा. आणि मनाशी ठरवलं, आयुष्यात एकदा ती टोपी माझ्या चित्रापुढं वर गेली पाहिजे. नाही तर इतकी वर्षं मी त्या माणसाची विद्यार्थिनी होते, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मी हुशारी केली. आख्खा पांढरा फ्लेक्स आणि मधोमध फक्त सरांची टोपी. स्वतःवरच खूश होऊन दोन दिवस आधी गावी गेले आणि आधी बायडाक्काला गाठलं. आता ती फार थकलीय, पण मेंढरं आणि काठी तीच. फ्लेक्स उलगडला. आक्कानं मान वाकडी केली.

"टोप्यांचं दुकान निगालं व्हय गं?"

मी तिथंच मटकन बसले. आक्काला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती वळली आणि भिंतीवरची नव्या पोरांची पोस्टरं बघू लागली. काठीवर दोन्ही हात, मान वाकडी, रस्ताभर मेंढरं, मागं एसटीचा हॉर्न. तिच्याकडं बघता बघता मी उठले आणि मोबाइल काढला.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या फाटकाला माझा फ्लेक्स लागला. त्यावर सर नव्हते, टोपी नव्हती, आनंदरावांसह बत्तीस जण नव्हते. मोकळ्या पांढऱ्यावर एकटी बायडाक्का, काठीवर टेकलेली, डावीकडं कशाकडं तरी टक लावून बघणारी. आनंदरावांना घामच फुटला. "अगं, मास्तर कुठायत? लोक म्हनतील, बायडाक्का रिटायर झाली!" लोक तसंच म्हणाले. निम्म्या गावानं आक्काचं अभिनंदन केलं, एकानं तिला हारही घातला, आणि तिनं तो मेंढरानं खायच्या आत काढून घेतला.

मग एसटी थांबली. परगावची चार माणसं उतरली. त्यातला एक जण फ्लेक्सपुढं उभा राहिला. "काय बघतीया ही बाई एवढं?" असं म्हणत त्यानं डावीकडं मान वळवली. डावीकडं भिंत होती आणि भिंतीवर पोरांची पोस्टरं. तो तिकडं चालू लागला. त्याच्या मागून दुसरा. एका पोस्टरपुढं थांबून त्यानं तिथल्या पोरीला विचारलं, "ही गोष्ट कशाबद्दल हाय गं?" बघता बघता भिंतीपाशी गर्दी झाली आणि मंडपात अध्यक्ष एकटे राहिले.

सर फाटकाशी आले. त्यांनी फ्लेक्सकडं बघितलं, भिंतीकडच्या गर्दीकडं बघितलं आणि टोपी काढली. हात उंच करून त्यांनी टोपी आक्काच्या काठीवर धरली, काढली. तिच्या डोळ्यांवर धरली, काढली. मोकळ्या पांढऱ्या जागेवर धरली आणि तिथं जरा थांबले. मग टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली. मी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. सरांचे डोळेही भरले होते.

तेवढ्यात हार हातात घेऊन बायडाक्का आमच्यात घुसली. स्वतःच्या फोटोकडं एकवार बघून तिनं सरांना विचारलं, "ते सगळं ऱ्हाऊ द्या मास्तर, जेवान हाय का?"

"हाय की आक्का," सर म्हणाले, "आज हाय."