भिंतीवरच्या काकू

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांनी पास केल्याशिवाय भिलाईत सूर्यसुद्धा उगवत नसावा, असं मला लहानपणी खरंच वाटे. काका कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासत, कधी एक्स-रेनं, कधी अल्ट्रासोनिकनं. आतला तडा बाहेरून शोधायचा, संशय येईल तिथे खडूनं गोल करायचा आणि तडा नाही असं ठरलं तरच तो पुसायचा, हे त्यांचं काम. ते काम घरीही येई. सुपेल्याच्या बाजारात मडकं कानाशी धरून ते इतक्या टिचक्या मारत, की कुंभारीण म्हणे, "बाबूजी, लेना है कि सुनना है?" ट्यूबलाइटसमोर धरून पाहिल्याशिवाय पापड तळू देत नसत. माझ्या सायकलवर, आमच्या दारावर, एकदा तर माझ्या नव्या चपलेवरही त्यांचा गोल होता. दोन यंत्रांचं एकमत झालं नाही, तर नियम ठरलेला: "दोन मशिनी भांडल्या का कापून पाहाचं. लोखंडाले काय दुखते?"

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना काकूंच्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून इंग्रजी रिपोर्ट वाचायला काका माझ्याकडे आले. प्रश्न एकच होता: रोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचला का? सोनोग्राफी म्हणत होती, एक ग्रंथी संशयास्पद आहे. नागपूरला जाऊन काढलेला सीटी स्कॅन म्हणत होता, ग्रंथी मोठी नाही. मी डिक्शनरी घेऊन दोन्ही चार वेळा वाचले, आणि चारही वेळा मला वेगळंच काही समजलं.

मग काकांनी मागच्या व्हरांड्याच्या भिंतीवर खडूनं अख्ख्या काकू काढल्या. काखेत गोल. एका बाजूला सोनोग्राफी, दुसऱ्या बाजूला सीटी: कोणाला नुसता आकार दिसतो, कोणाला आतलं दिसतं, कोण कुठे फसतं. सकाळी एक मशीन जिंके, संध्याकाळी दुसरं. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "माही कंबर येवढी रुंद हाय का जी? अन् डोकं कावून नाही काढलं?"

"डोक्याची तपासनी नाही सांगतली डाक्टरनं," काका गंभीरपणे म्हणाले.

हा सगळा तक्ता वहीत उतरवून ते मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तो शेवटपर्यंत वाचला. म्हणाले, ग्रंथी सुजली म्हणजे कॅन्सरच असं नाही, आणि लहान आहे म्हणून निर्धोक असंही नाही. दोन्ही मशिनं अंदाज सांगतात. ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढून, कापून पाहिल्यावरच कळेल.

हा तर काकांचाच नियम. मला वाटलं, ते लगेच मान डोलावतील. पण ते वही मिटून एवढंच म्हणाले, "आनखी कोनतं मशीन नाही का जी?"

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला. ग्रंथींमध्ये रोग नव्हता. चूक होऊ नये म्हणून मी तो तीनदा वाचला.

"नक्की?"

"नक्की, काका." इतक्या खात्रीनं मी आयुष्यात पहिल्यांदाच काही बोललो असेन.

काकांनी तळवा ओला केला आणि काखेतला गोल पुसला. बाकीच्या काकू तशाच ठेवल्या.

"त्याबी पुसा ना," काकू म्हणाल्या.

"आपन फक्त गोल पुसतो. पास झालेलं कोनी पुसते का?"

पुढे काका रिटायर होऊन बोरसीला राहायला गेले. त्या ग्रंथीबद्दल सोनोग्राफी कशानं फसली, की सीटीचं नशीब चांगलं होतं, हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. त्यांच्या क्वार्टरमध्ये आलेले नवे लोक चुना लावणार होते, त्याच्या आदल्या दिवशी मी तो व्हरांडा पाहून आलो. काकू पुष्कळ पुसट झाल्या होत्या. काखेपाशी मात्र, जिथे गोल होता तिथे, काकांची पाच बोटं स्पष्ट दिसत होती.