घड्याळ काढलं की दुखणं खोटं

आमचे हे आजारी पडायचा पगार घेतात. कुणाला पटत नाही, पण खरं आहे. कपड्यांच्या दुकानातली नोकरी सुटल्यावर यांनी मेडिकल कॉलेजात खोट्या पेशंटचं काम धरलं. परीक्षेला बसलेली मुलं येऊन विचारतात, काय होतंय, आणि हे नेमून दिलेलं दुखणं सांगतात. मुलांनी ते ओळखायचं. ओळखलं की पास.

या कामापायी माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. मी घरी शिवणकाम करते. माझ्या लेखी माणूस म्हणजे छाती, कंबर, बाही आणि उंची, संपलं. यांनी एका पोटाचेच चार भाग केले, वरचा उजवा, खालचा उजवा आणि तसेच डावे. उताणं पडलं की सुपाइन, पालथं पडलं की प्रोन. अचानक उठलेलं दुखणं ते अ‍ॅक्यूट आणि मुक्कामालाच आलेलं ते क्रॉनिक. "म्हणजे तुमच्या आत्याबाई," मी म्हटलं, तर हसलेसुद्धा नाहीत. कोपरापेक्षा मनगट डिस्टल, कारण ते धडापासून लांब. एकदा बाहीचं माप घेताना माझ्याच तोंडून निघून गेलं, थोडी डिस्टल ठेवू का? गिऱ्हाईक बाई बघतच राहिल्या.

त्यातून ते डावं-उजवं. हे समोर पडलेले, मी पायाशी उभी.

"डावीकडे दाबून बघ."

"माझ्या डावीकडे की तुमच्या?"

"नेहमी पेशंटच्या."

"पेशंट कोण?"

"मी."

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही."

मी दोन्ही बाजू दाबून मोकळी झाले.

तालीम घरीच चालायची, तीसुद्धा माझ्या मशीनशेजारी सतरंजीवर. कुठल्या कण्हण्याला धावायचं आणि कुठल्या नाही, मला वेड लागायची पाळी आली. शेवटी एक खूण सापडली. कॉलेजात पेशंट बनताना हातात घड्याळ चालत नाही, म्हणून हे घरीही तालमीआधी ते काढून मशीनच्या फळीवर ठेवायचे. घड्याळ फळीवर असलं की दुखणं खोटं, मी खुशाल शिवत बसायची. हातात असलं की खरं, मग गरम पाण्याची पिशवी काढायची. ही खूण बरीच वर्षं चालली.

मग एका दुपारी मी मशीनवर पँटच्या तळपट्ट्या दुमडून शिवत होते. हे आले, घड्याळ काढून फळीवर ठेवलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. म्हटलं, झाली तालीम सुरू.

"सुपाइन व्हायचं राहिलं," मी म्हणाले. यांनी डोकंही मागे टेकलं.

"आज कुठलं दुखणं?"

"कळत नाही."

"कळत नाही म्हणजे? कुठे दुखतंय?"

"इथे. नाही, इथे नाही. दुखत असं नाहीये गं. काहीतरी होतंय."

माझा पाय मशीनवर थांबला. घड्याळ फळीवर होतं, म्हणजे खोटं. चेहरा घामानं डबडबलेला होता, म्हणजे खरं. पण छातीचं दुखणं तर यांनी कितीदा केलं होतं. उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या मागे दाब, डाव्या हातात कळ, विचारायचा अवकाश की घडाघडा बोलायचे. यात त्यातलं काहीच नव्हतं. मला काही सुधरेना.

"मग घड्याळ का काढलंत?"

"पट्टा टोचत होता. हात जड झालाय."

मी तशीच उठले, टॅक्सी केली आणि यांना कॉलेजच्याच दवाखान्यात नेलं. तिथे ड्युटीवरची डॉक्टर यांच्यावरच शिकलेली. ओळखून हसली.

"काका, आज कोणती केस?"

आणि हे, पांढरेफटक पडलेले, सवयीनं सुरू झाले. "उरोस्थीच्या मागे दाब, डाव्या हातात कळ..." तीही मान डोलावून ऐकायला लागली. माझा संतापच झाला.

"बाळ, हे पाठ केलेलं म्हणतायत," मी म्हणाले. "घरी यांना जागासुद्धा सांगता येत नव्हती. आज कुठे दुखतंय ते यांना माहीत नाही, म्हणून आणलंय."

तिचं हसू गेलं. छातीला वायरी लागल्या, यंत्रातून कागद निघाला आणि तो बघून ती पळतच गेली. हृदयाची एक नळी बंद झाली होती. ती उघडली. हे वाचले.

आता नियम बदललाय. तालीम करायची तर घड्याळ माझ्या मनगटावर बांधायचं, मला सांगून. परवा यांनी ते बांधलं आणि सतरंजीवर कण्हायला लागले. नियमानं खोटंच. तरी माझा पाय मशीनवर पडेना. उठून शेजारी जाऊन बसले.

"अगं, तालीम आहे. घड्याळ तुझ्याच हातात आहे ना."

"असू दे. कुठे दुखतंय?"

"पोटाच्या खालच्या उजव्या भागात. पेशंटच्या उजव्या. अ‍ॅक्यूट. आधी बेंबीपाशी होतं, मग खाली सरकलं."

सगळं असं नेमकं, न अडखळता सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.