वन्संचा पसारा

आमच्या आत्याला ‘काय चाललंय?’ असं विचारायची सोय नव्हती. बाकीची माणसं या प्रश्नाला ‘काही नाही, निवांत’ असं उत्तर देतात आणि विषय मिटतो. आत्या खरं उत्तर द्यायची. घराच्या पुढच्या सोप्यातल्या कॉटवर जुन्या लुगड्यांची वाकळ चालू, खुंटीला वायरची पिशवी चालू, फळीवर रुखवतासाठी सुपारीचे नवरा-नवरी चालू, त्यातल्या नवऱ्याला अजून फेटा नाही आणि नवरीला नाक नाही, शिवाय गोठ्याच्या दारात बेंदरासाठी बैलांचे लोकरीचे गोंडे चालू. एवढं ऐकेपर्यंत विचारणाऱ्याच्या हातातला चहा निवायचा. ‘मग यातलं झालं काय?’ असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर ती अजिबात न रागावता म्हणायची, “चालू हाय.”

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. आमचं घर इंदापूर तालुक्यात कळंबला. थोडा ऊस, थोडा पेरू, गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस. आत्याला दिली होती बारामतीकडं, कोऱ्हाळे बुद्रुकला. तिचा नवरा मोटारसायकलवरून एमआयडीसीत कामाला जायचा. एका सकाळी तो कामावर निघाला आणि रस्त्यातच ट्रकनं त्याला उडवलं. मूलबाळ नव्हतं. तात्या तिकडं गेले आणि बहिणीला घरी घेऊन आले. मी तेव्हा पाळण्यात होते, त्यामुळं आत्या नसलेलं घर मला ठाऊकच नाही. आई तिला वन्सं म्हणायची आणि तिच्या एकूण उद्योगाला पसारा म्हणायची. ‘वन्संचा पसारा’ हा शब्द मी ‘आई’ आणि ‘दूध’ यांच्यानंतर शिकले असेन, असं तात्या म्हणतात.

आत्याची काम करायची एक पद्धत होती. एक काम हातात घ्यायचं आणि घरभर घेऊन हिंडायचं, हे तिला मान्य नव्हतं. तिनं प्रत्येक जागेला काम नेमून दिलं होतं. सकाळी उंबऱ्याशी ऊन यायचं तेव्हा बारीक टाक्यांचं काम. दुपारी टीव्हीसमोर क्रोशाचं, कारण त्याला बघावं लागत नाही. गॅसच्या शेजारी खिळ्याला मण्यांचं एक तोरण टांगलेलं असायचं. ते फक्त दूध तापेपर्यंत ओवायचं. वर्षानुवर्षं ते तोरण दुधावर चाललं होतं. गंमत म्हणजे दूध तरीही उतू जायचंच. “मणी बघत बसतात आन् दूध चाललं गटारात,” असं म्हणत आई फडकं घेऊन धावायची. आत्या म्हणायची, “वैनी, एकाचा कंटाळा आला की दुसरं काम म्हंजी इसावाच की.” तिच्या हिशेबानं ती दिवसभर विसावाच घेत होती.

तिचं आणखी एक वाक्य होतं. “हात रिकामा राहिला की डोकं चालतंय.” लहानपणी मला वाटायचं, डोकं चालणं ही चांगली गोष्ट आहे. शाळेत तर ते चालत नाही म्हणून मार बसायचा. मोठी झाल्यावर समजलं, तिचं डोकं चालायला लागलं की कुठल्या दिशेला जातं ते.

आता आईची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ती मला घरात घेणार नाही. आई पडली टापटिपीची. भांड्यांची मांडणी अशी की वाटीनं वाटीला धक्का लावू नये. आणि तिच्याच घरात पाट मांडायला गेलं तर पाटाखाली लोकर, डब्यात तांदूळ बघायला गेलं तर टिकल्या. श्रीखंडाचे रिकामे डबे आणि खताच्या पोत्यांच्या पिशव्या यांनी कपाटातली निम्मी जागा खाल्लेली. बारामतीची माणसं मला बघायला आली तेव्हा आईनं सोपा असा लख्ख केला की आम्हीच ओळखलं नाही. मुलगा येऊन कॉटवर बसला आणि ताडकन उठला. गादीत क्रोशाची सुई होती. आई पांढरीफटक पडली. तेवढ्यात आतून आत्या आली, सुई बघून तिचा चेहरा उजळला आणि ती त्याला म्हणाली, “सापडली व्हय? सकाळपास्नं हुडकत हुते मी!” मुलगा हसला. मी त्या हसण्यावर होकार दिला. तो आता माझा नवरा आहे आणि माहेरी आला की अजूनही बसायच्या आधी गादी चाचपतो.

पंचक्रोशीतल्या लेकींच्या रुखवताला आत्याचं काहीतरी असायचंच. त्यातच एकदा घोळ झाला. एकाच दिवशी दोन लग्नं, एक आमच्या गल्लीतल्या सुनीताचं बारामतीच्या कार्यालयात आणि दुसरं इंदापूरला. दोन्हीकडं तिनं मण्यांत नवरा-नवरीची नावं गुंफलेल्या पाट्या पाठवल्या, पण अदलाबदल झालेल्या. बारामतीत रुखवत उघडलं तर सुनीताच्या लाडवांच्या डोक्यावर दुसऱ्याच जोडप्याचं नाव! वरमाय लाल झाली. करवल्या तोंडाला पदर लावून खुसखुसायला लागल्या. आत्यानं शांतपणे पाटी पालथी घातली, तिच्यावर करंज्यांचं ताट ठेवलं आणि वरमायला म्हणाली, “काळजी करू नगा. त्यो नवरा दुसरीकडं हाय.” मांडव हसून लोळला, पण आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वन्सं, एका येळी एकच करा की ओ,” ती परतीच्या वाटेवर कळवळून म्हणाली. आत्या मान हलवत राहिली. पिशवीतून काढलेली अर्धी टोपी ती गाडीतच विणत होती.

मग तात्यांनी रस्त्याकडेच्या रानात नवं घर बांधायला काढलं. स्लॅबचं, फरशीचं, मोठ्या हॉलचं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला. नव्या घरात एक दोरासुद्धा दिसता कामा नये. तात्या बायको आणि बहीण यांच्यामध्ये कधी पडले नव्हते, याही वेळी ते विटा मोजायला निघून गेले. आत्याला हवा होता एक कोपरा, हॉलच्या उगवतीकडच्या खिडकीखालचा. पण मागायची कशी? माहेरी राहणाऱ्या बाईनं किती जागा मागावी, याचं एक माप तिच्या मनात पक्कं होतं आणि ते फार लहान होतं. ती मला फक्त एवढंच विचारायची, “त्या मोठ्या खिडकीतनं ऊन कवापातूर राहतंय गं?” मला कळायचं. आईलाही कळत होतं, म्हणून तर ती त्या खिडकीखाली सोफा कुठला घ्यायचा याची चर्चा मुद्दाम मोठ्यानं करायची.

सरळ नाही म्हणायचा धीर मात्र आईलाही नव्हता. एका दुपारी चहा गाळता गाळता ती सहज बोलावं तसं बोलली, “वन्सं, आर्धं काम घिऊन नव्या वास्तूत पाऊल टाकायचं नसतं म्हणं. शास्तर हाय.”

“कुणी सांगितलं?” आत्यानं विचारलं.

“गुरुजींनी.”

मी शेजारीच बसले होते. वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला मीच आईबरोबर गेले होते आणि गुरुजी असलं एक अक्षरही बोलले नव्हते. मी आईकडं बघितलं. आईनं गाळणी आपटली.

आत्यानं शास्त्र कधी मोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती जी बसली ती बसलीच. आयुष्यभर ‘चालू हाय’ म्हणणारी बाई एकेक काम संपवायला लागली आणि आम्ही बघत राहिलो. सुपारीच्या नवरीला नाक आलं. गोंडे संपले, बैलांना पुरून उरले ते उसाच्या ट्रॅक्टरला बांधायला शेजारचा ड्रायव्हर घेऊन गेला. वाकळीची कड झाली आणि ती शेजारच्या बाळंतिणीकडं गेली. दुधावरचं तोरण तिनं गॅस न पेटवता, भर दुपारी खाली बसून पुरं केलं आणि नव्या दाराला दिलं. उरलेले मणी, दोरे, टिकल्या तिनं शाळेतल्या बाईंना देऊन टाकल्या. वास्तुशांतीच्या दिवशी आत्या नव्या घरात आली ती अंगावरच्या साडीनिशी आणि एका पत्र्याच्या पेटीनिशी. पाहुणे म्हणाले, काय घर आहे! आई फुलून गेली होती. इतकी वर्षं मनात धरलेलं तिला मिळालं होतं, ते कसं नाकारणार?

त्यानंतर आत्या नुसती बसायला लागली. नव्या सोफ्याच्या कडेला, हात मांडीवर ठेवून, जणू कुणाकडं पाहुणी आलीय आणि आता निघायचंय. मधूनच स्वयंपाकघरात जाऊन विचारायची, “वैनी, काय निवडायचं हाय का?” पाकिटातून आलेला स्वच्छ तांदूळ ती निवडायची आणि निवडून झाला की पुन्हा निवडायची. जेवण कमी झालं. दिवसा झोपायला लागली. आई म्हणायची, “वयच झालं आता,” पण म्हणताना ती माझ्याकडं बघायची नाही.

मी चार दिवस माहेरपणाला गेले होते तेव्हाची गोष्ट. जेवणं उरकली होती, आई ताटं उचलत होती. आत्या एकदम बोलली. तिच्या नवऱ्याचं नावसुद्धा आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

“वैनी, त्या दिशी त्ये डबा इसरून निघालं हुतं. मी डबा घिऊन दारात आले तर त्यांनी गाडी चालू केली हुती. मागनं हाक मारायची नसती म्हणून मारली न्हाय. मारली असती तर जरा येळ झाला असता. टरक पुढं गेला असता न्हवं?”

आईच्या हातात ताटं तशीच राहिली. एवढी वर्षं ही बाई कशाला भीत होती आणि सगळ्या कामांच्या मागं काय झाकून ठेवलं होतं, ते आम्हाला तेव्हा कळलं. मी आत्याच्या जवळ जाऊन बसले, एवढंच.

मी परत बारामतीला आले, त्याच्या पाठोपाठ आई एसटीनं माझ्या दारात हजर. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, “चल बाजारात.” आईला रंगाची जाण शून्य. तिनं पोपटी लोकर घेतली, गुलाबी घेतली, विटकरी घेतली. मणी घेतले, सुया घेतल्या, कापडाचे तुकडे घेतले. दुकानदारानं विचारलं, “काय बनवायचंय काकू?” आई म्हणाली, “काय व्हईल ते व्हईल. आर्धं राहिलं तरी चालंल.” तिच्या हट्टापायी मलाही कळंबला जावं लागलं.

घरात शिरल्या शिरल्या आईनं आणि मी सोफा ओढून समोरच्या भिंतीला लावला. खिडकीखालची जागा मोकळी झाली. तिथं आईनं चटई टाकली आणि तिच्यावर सगळी पिशवी उपडी केली.

“वन्सं, मी गुरुजींना परत इचारलं,” ती म्हणाली. “त्ये म्हणलं, नव्या घरात एकतरी काम आर्धं पायजेच. समदं पुरं झालं की घर थांबतंय. शास्तर हाय.”

आत्यानं त्या लोकरीकडं बघितलं. त्या रंगांकडं बघून तिला कसंतरी झालं असणार. मग तिनं आईकडं बघितलं.

“कुठलं गुरुजी?”

“तेच. पयलं.”

आत्या चटईवर बसत म्हणाली, “तुमचं गुरुजी लई बोलायला लागल्यात, वैनी.”

दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही. महिन्याभरात हॉलची दशा जुन्या घरातल्या सोप्यासारखी झाली. डब्यात टिकल्या आल्या, गॅसशेजारी खिळा ठोकला गेला, दूध उतू जायला लागलं. आईचा आरडाओरडाही सुरू झाला आणि तो नाटकी नव्हता बरं का, ती मनापासून चिडायची. मला फोन करून तासभर गाऱ्हाणी सांगायची. मी सगळं ऐकून घ्यायचे आणि मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी आत्या गेली. साधा ताप म्हणून बारामतीच्या दवाखान्यात आणली, ती परत घरी आली नाही. शुद्धीत होती तोवर नर्सबाईला स्वेटरच्या गळ्याचं माप विचारत होती. आईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांचं चहापाणी, दहावा, तेरावा, सगळं तिनं कंबर बांधून केलं. भावकीतल्या बायका कुजबुजल्या, सुटली म्हणायची बिचारी एकदाची पसाऱ्यातून.

तेरावा झाल्यावर मी खिडकीखालचं आवरायला बसले. बाळाची टोपी होती, अर्धी पिशवी होती, एक वाकळ होती. वाकळ जवळजवळ झालीच होती, एका बाजूची वीतभर कड तेवढी राहिली होती. सुई तिथंच खोचलेली, सुईत दोरा. मी म्हटलं, “आई, एवढंच राहिलंय. शिवून टाकते, म्हणजे आत्याचं काम पुरं होईल.”

मी सुई उचलली. आई स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हातानं आली, माझ्या हातातली सुई काढून घेतली आणि होती तिथं परत खोचली.

“पुरं करायचं न्हाय,” ती म्हणाली. “गुरुजींनी सांगितलंय.”

आणि मग वाकळीत तोंड घालून ती मोठमोठ्यानं रडली.